रोरीच्या फाटकाचं भांडण

माझं लग्न ठरलं तेव्हा आईनं मला एकच गोष्ट बजावून सांगितली. "सेडी, मॅकेकरनांच्या घरात काय वाटेल ते बोल. त्यांच्या सूपला नावं ठेव, होडीला ठेव, घरातल्या कुत्र्याला ठेव. पण 'फाटक' कसं वाजवायचं यावर मात्र चकार शब्द काढू नकोस."

'फाटक' म्हणजे 'रोरीचं फाटक'. ही एक धून आहे. माझ्या सासऱ्यांचे वडील रोरी एकदा गुरांच्या कुंपणाला फाटक बसवत होते. एक बिजागरी ठोकून झाली, दुसरी हातात होती, तेवढ्यात डोक्यात ही धून आली. फाटक तसंच लटकत सोडून ते फिडल, म्हणजे आमच्याकडचं व्हायोलिन, आणायला घरात गेले ते संध्याकाळपर्यंत बाहेर आलेच नाहीत. गुरं मोकाट सुटून शेजाऱ्याच्या ओटच्या शेतात शिरली. ते फाटक, ते शेत, ती गुरं आता काही उरलेलं नाही. धून मात्र आमच्या केप ब्रेटन बेटावर लग्नापासून मयतापर्यंत सगळीकडे वाजते.

तर या धुनेच्या दुसऱ्या भागात एक सूर आहे. पापणी लवते तेवढाच टिकतो. माझे सासरे लॉखलिन तो उतरता, म्हणजे जरा खालचा, वाजवतात. त्यांची थोरली बहीण एफी, म्हणजे माझ्या आत्तेसासूबाई, तो चढा वाजवतात. या एका सुरापायी सख्खे बहीणभाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

ठिणगी पडली ती एका पुतण्याच्या लग्नात. दोघं शेजारी बसून 'फाटक' वाजवत होते. सासऱ्यांनी मध्येच गज थांबवला आणि माइकसमोर तोंड नेऊन म्हणाले, "माफ करा मंडळी. आमची बहीण तीस वर्षं बोस्टनला राहून आली आहे. तिथली फाटकं लोखंडी असतात."

सगळा मांडव हसला. एफी आत्यांनी शांतपणे फिडल पेटीत ठेवली, कोट घातला, लग्नाच्या केकचा आपला तुकडा खाल्ला, कारण केक वाया घालवणाऱ्यांतल्या त्या नव्हेत, आणि निघून गेल्या. पुढच्या रविवारपासून चर्चमध्ये त्या उजव्या बाजूला बसू लागल्या आणि सासरे डाव्या.

आता ग्लेन फर्नासारख्या दोनशे माणसांच्या गावात अबोला धरणं म्हणजे काही खायचं काम नाही. दुकान एक, पोस्ट एक, रस्ताही एकच. समोरासमोर यायचंच. मग दोघं आमच्यामार्फत बोलायची.

"सेडी," आत्या म्हणायच्या, सासरे दोन हातांच्या अंतरावर उभे असताना, "तुझ्या सासऱ्यांना सांग, त्यांची मेंढी माझ्या बटाट्यांत शिरलीय."

"सेडी," सासरे म्हणायचे, "तिला सांग, मेंढी इथलीच आहे. तिला बोस्टनचं फाटक उघडता येत नाही, लाकडी दिसलं म्हणून शिरली."

मी मान डोलवायची आणि मेंढी हाकलायला जायची.

माझं काम पियानोचं. आमच्याकडे फिडल म्हटली की मागे पियानो हवाच. वाजवणाऱ्याची पाठ लोकांकडे असते, तोंड भिंतीकडे, आणि नाव कुणाला आठवत नाही. मला ते बरंच होतं. एका उन्हाळ्यात मी सासऱ्यांबरोबर वाजवायची, पुढच्या उन्हाळ्यात आत्यांबरोबर. माझा नवरा हेक्टर आणि नणंद मार्सेला, दोघंही उत्तम फिडल वाजवतात. त्यांनीही अशीच पाळी लावून घेतली होती. घर दुभंगलेलं होतं, पण वेळापत्रक चोख होतं.

ते वेळापत्रक मोडलं फादर ओबिओरांनी.

फादर मूळचे नायजेरियाचे. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे आले. पहिल्या हिवाळ्यात तीन कोट एकावर एक घालून प्रवचन द्यायचे. माणूस हसरा, खाण्याचा शौकीन, आणि दिसतो त्याच्या दुप्पट हुशार. जुलैत चर्चमागच्या कुरणात दरवर्षी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम होतो. त्याची पाटी त्यांनी मे महिन्यातच स्वतःच्या हातानं रंगवून दुकानाच्या दारावर ठोकली. 'रविवारी दुपारी दोन वाजता. मॅकेकरन कुटुंब. सर्व जण. एकत्र.' 'एकत्र'खाली दोन रेघा.

सासऱ्यांनी ती पाटी वाचली तेव्हा मी शेजारीच पिठाची पिशवी धरून उभी होते. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचली आणि म्हणाले, "चल. गाडी काढ."

फादर बागेत वाफा खणत होते.

"फादर, ती पाटी कुणी लिहिली?"

"मी. अक्षर वाईट आहे का?"

"अक्षर झकास आहे. मजकूर खोटा आहे."

"खोटा?" फादरनी फावडं टेकवलं. "लॉखलिन, ईस्टरनंतर तुमच्याकडे चहाला आलो होतो. मी विचारलं, एफीबाई स्टेजवर बसल्या तर तुम्ही बसाल का? तुम्ही काय म्हणालात?"

सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली.

"तुम्ही म्हणालात, ती बसली तर मी टोपी उलटी घालून बसेन."

"अहो, ती बसणारच नाही, म्हणून म्हणालो!"

"त्याही तेच म्हणाल्या. तो बसला तर मी बसेन, पण तो कधीच बसायचा नाही. आमच्या गावी दोन माणसं एकच गोष्ट बोलली की त्याला करार म्हणतात."

सासऱ्यांना निरुत्तर झालेलं मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, दाढ काढताना.

परत येताना अर्ध्या रस्त्यात त्यांनी गाडीची खिडकी खाली केली. मग म्हणाले, "सेडी, ती खरंच म्हणाली असेल, बसेन म्हणून?"

"फादर खोटं कशाला बोलतील?"

"चांगला माणूस आहे तो. चांगल्या माणसांचं काही सांगता येत नाही."

पण नाही म्हणाले नाहीत. तिकडे पाटीची बातमी कळल्यावर आत्यांनी दुकानदाराला फक्त एवढंच विचारलं, "त्याचं नाव वर आहे की माझं?" नाव कुणाचंच नव्हतं, त्यामुळे त्यांनाही नाही म्हणता येईना.

मग सुरू झाली तालीम. एकत्र तालीम करायला दोघांपैकी कुणीच तयार नव्हतं. 'एकत्र' पाटीवर होतं, तालमीवर नव्हतं. मंगळवारी मी सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात वाजवायची, गुरुवारी आत्यांच्या. आणि तिथेच माझ्या लक्षात आलं की आपण कुठे अडकलोय. दोघं एकाच वेळी वाजवणार, एक उतरता, एक चढा. फिडलवाल्यांना काय, आपापला सूर लावतील. पण पियानोवर त्या जागी जी कॉर्ड, म्हणजे तीन बोटांनी एकदम दाबलेले सूर, वाजेल ती एकतर उतरत्याची किंवा चढ्याची. म्हणजे त्या सुराचा निकाल पियानो लावणार. म्हणजे मी लावणार.

"सेडी," मंगळवारी सासरे म्हणाले, "तिथे उतरती कॉर्ड. माझ्या वडिलांनी वाजवली तशी. कळलं ना?"

"हो बाबा."

"सेडी," गुरुवारी आत्या म्हणाल्या, "तिथे चढी. माझ्या वडिलांची. काय?"

"हो आत्या."

हेक्टरला सांगितलं तर तो जाळी दुरुस्त करता करता म्हणाला, "अगं, मला नेमकं आत्ता खेकड्यांच्या मागे जायचंय." मार्सेलाला फोन केला. ती शाळेत मुख्याध्यापिका आहे, मला वाटलं मार्ग काढेल. ती इतकी हसली की तिला फोन खाली ठेवावा लागला. मग पुन्हा उचलून म्हणाली, "वहिनी, मी तुझ्या जागी असते ना, तर त्या दिवशी हात मोडून घेतला असता."

जूनच्या शेवटच्या गुरुवारी मी आत्यांकडे गेले. आत्या तेव्हा एक्क्याऐंशीच्या. अंगानं चिमणीएवढ्या, ओठांना लाली लावल्याशिवाय दार उघडत नाहीत. तालीम झाली, त्यांनी गुळाच्या पाकाची बिस्किटं पुढे केली. मी धीर करून विचारलं, "आत्या, एवढं काय आहे हो त्या एका सुरात?"

मला वाटलं, आता बिस्किटं परत नेतात. पण त्यांनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"बाबांची फिडल पाहिलीयस ना? लॉखलिनकडे असते ती."

कुणी पाहिली नसेल? काळपट, गजाच्या घासानं एका बाजूला झिजलेली. सासरे तिला हेक्टरलासुद्धा हात लावू देत नाहीत.

"मी शिकले त्या फिडलवर. सहा वर्षांची होते. लॉखलिन तेव्हा पाळण्यात. बाबा मांडीवर बसवायचे, माझं बोट धरून तारेवर ठेवायचे. हा सूर त्यांनी माझं बोट धरून दाखवलाय मला." त्यांनी डाव्या हाताचं मधलं बोट वर केलं, जणू ते अजून कुणीतरी धरलं होतं. "ते गेले तेव्हा मी बोस्टनला. शिवणकामाच्या कारखान्यातून रजा मिळाली नाही. आठ दिवसांनी पोचले तर फिडल लॉखलिनच्या भिंतीवर. मला कुणी विचारलंसुद्धा नाही."

"तुम्हाला हवी होती?"

"हवी होती की नव्हती हा प्रश्न नाही. विचारायचं असतं."

"त्यांना सांगितलंत कधी हे?"

"सांगायचं कशाला? त्याला डोळे नाहीत?" त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे ढकलली. "खा. आणि चढी कॉर्ड विसरू नकोस."

हे सासऱ्यांच्या कानावर घालायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा वाटलं, मेंढीचा निरोप देणं वेगळं आणि हा निरोप देणं वेगळं. मी गप्प बसले.

कार्यक्रमाच्या दिवशी ऊन असं कडक पडलं होतं की पियानोच्या पट्ट्यांना बोट लावलं तर चटका बसावा. कुरणात तीनशेच्या वर माणसं जमली होती. सूपच्या पातेल्यांशी रांग, स्ट्रॉबेरी-केकशी त्याहून मोठी रांग. सगळ्यांना अर्थातच सगळं माहीत होतं. तिसऱ्या गावाहून माणसं आली होती ती काही सूप प्यायला नव्हे.

पहिली अडचण खुर्च्यांची. पियानोला लागून जी खुर्ची असते ती म्होरक्याची. सासरे स्टेजवर चढले आणि सरळ तिथे बसले. आत्या चढल्या, खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आभाळाकडे बघू लागल्या. पाच मिनिटं तशाच.

"सेडी," सासरे म्हणाले, "तिला सांग, तिकडे खुर्ची आहे."

"सेडी, त्याला सांग, मला दिसतेय."

फादर ओबिओरा गवती टोपी घालून खाली उभे होते. त्यांनी टोपी काढली, घाम पुसला आणि सहा दणकट गड्यांना हाक मारली. गड्यांनी पियानो उचलून स्टेजच्या मधोमध ठेवला. आता त्याला दोन बाजू झाल्या. डाव्या बाजूला सासरे, त्यांच्यापलीकडे हेक्टर. उजव्या बाजूला आत्या, पलीकडे मार्सेला. मध्ये मी. माझी पाठ लोकांकडे, तरी पाठीला सगळं कळत होतं.

बसल्यावर सासऱ्यांनी, कुणाकडेही न बघता, डोक्यावरची टोपी काढली आणि उलटी घातली. फादरना दिलेला शब्द. कुरणात हशा पिकला. आत्यांनी एक नजर टाकली आणि घाईनं फिडल हनुवटीखाली घेतली. हनुवटी थरथरत होती ती फिडलमुळे नव्हे.

मग सासऱ्यांनी पाय आपटून ठेका धरला आणि चार फिडली एकदम सुटल्या.

काय सांगू! अकरा वर्षं ज्यांनी एकमेकांना 'आज उकडतंय' एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं, त्यांचे गज एकाच वेळी वर जात होते आणि एकाच वेळी खाली. एकाच ठिकाणी तोच झटका, एकाच ठिकाणी तीच मुरकी. पायसुद्धा दोघांचे सारखेच पडत होते, टाच आधी, मग चवडा. हेक्टर आणि मार्सेला धापा टाकत मागून पळत होते. पहिली धून झाली, दुसरी झाली. क्षणभर मी विसरूनच गेले की तिसरं 'फाटक' आहे.

'फाटक' सुरू झालं. पहिला भाग सुरळीत. दुसरा भाग आला. पाठीमागे तीनशे माणसांचे चमचे वाट्यांत थांबले.

आणि तो सूर आला. डावीकडून उतरता, उजवीकडून चढा, दोन्ही एकदम, दारात दोन मांजरं अडकावीत तसे. मी काय केलं? मी मधलं बोट उचललं. म्हणजे कॉर्ड वाजली, पण तिच्यात ना उतरता होता ना चढा. पोकळ. भित्री.

दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

ठरल्याप्रमाणे 'फाटक' दोनदा वाजवून पुढच्या धुनेवर जायचं होतं. दोनदा झालं. सासरे पुढे जाईनात. आत्याही जाईनात. तिसऱ्यांदा सुरू. चौथ्यांदा. दर वेळी तो सूर आला की दोघं गज असा दाबायचे की लाकडाला घाम फुटावा. पाचव्यांदा लोकांतून कुणीतरी ओरडलं, "लॉखलिन, धरून ठेव!" लगेच दुसरीकडून, "एफी, सोडू नकोस!" मग काय, रस्सीखेच असल्यासारखे दोन तट पडले. पोस्टातल्या हिल्डाबाई आमच्याकडच्या नामांकित नर्तकी. त्या उत्साहानं स्टेजवर चढून पायांचा खडखडाट करू लागल्या. आठव्या फेरीला त्यांनी कंबर धरली आणि स्टेजच्या कडेला बसून कुणाच्या तरी हातातलं सरबत पिऊन टाकलं. हेक्टरनं फिडल खाली ठेवली. मार्सेलानं ठेवली. माझी मनगटं भरून आली, तरी मी मधलं बोट वरच ठेवलं होतं.

अकराव्या फेरीत 'टण्' असा आवाज झाला. आत्यांची तार तुटली. नेमकी त्या सुराची तार. तुटलेलं टोक सपकन त्यांच्या गालावर बसलं.

सासऱ्यांचा गज जागच्या जागी थांबला.

"एफी! डोळ्याला लागलं का?"

कुरणात एवढी शांतता पसरली की सूप उकळतानाचा आवाज येत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा सासरे बहिणीशी सरळ बोलले होते, आणि तेही दोन माइकसमोर.

"नाही."

"दाखव बघू."

"नाही लागलं म्हणते ना, गाढवा."

हे 'गाढवा' पार रस्त्यापर्यंत ऐकू गेलं. कुणी हसलं नाही मात्र.

आमच्याकडे स्टेजवर तार तुटली की शेजारचा आपली फिडल देतो. मार्सेलानं आपली पुढे केलीच होती. आत्यांनी हातही पुढे केला होता. तेवढ्यात सासरे उठले. गुडघ्यामुळे त्यांना उठायला वेळ लागतो. पियानोला वळसा घालून, माझ्या पाठीमागून, ते पलीकडे गेले आणि हातातली वडिलांची ती काळपट फिडल त्यांनी बहिणीसमोर धरली.

"हिच्यावर वाजव."

आत्या फिडलकडे बघत राहिल्या. हात लावला नाही.

"तू मला विचारलं नाहीस," त्या म्हणाल्या.

"काय?"

"बाबा गेल्यावर. ही भिंतीवर लावलीस. मला एका शब्दानं विचारलं नाहीस."

सासरे उभे. डोक्यावर उलटी टोपी. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मला कळलं की हे ऐकायची ते कित्येक वर्षं वाट बघत होते, आणि कित्येक वर्षं टाळतही होते.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "भीती वाटली."

"कसली?"

"तू हो म्हणशील याची."

आत्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. मला आधी वाटलं रडताहेत. पण त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत, ओठांची लाली हनुवटीवर पसरेपर्यंत. मग त्यांनी फिडल घेतली, मांडीवर उभी धरली, तारा छेडल्या आणि खुंट्या पिळू लागल्या.

"लावलेली आहे ती," सासरे म्हणाले.

"तुझ्या कानानं लावलेली आहे."

आता लोक हसले, पोटभर.

आत्यांनी एकट्यानं 'फाटक' सुरू केलं. घाई नाही, जोर नाही. सहा वर्षांची पोर मांडीवर बसून वाजवील इतकं सावकाश. मी मागून हलक्या हातानं साथ धरली. दुसरा भाग जवळ येत होता आणि मला कळत होतं की आता पोकळ कॉर्ड चालायची नाही. हा सूर ज्या बोटाला धरून शिकवला होता ते बोट माझ्यापासून हातभर अंतरावर तारेवर होतं. मी ठरवलं वगैरे काही नाही. मधलं बोट आपोआप खाली आलं. चढ्या सुरावर. चांगलं ठणठणीत.

डाव्या कानाशी कुणीतरी नाकातून श्वास सोडल्याचं ऐकू आलं. सासरे परत आपल्या खुर्चीवर आले होते. मार्सेलाची फिडल त्यांच्या हातात होती. दुसऱ्या फेरीला ते बहिणीबरोबर वाजवू लागले. तो सूर आला, आणि त्या एका सुरापुरता सासऱ्यांनी गज तारेवरून उचलला. बहिणीचा सूर एकटाच वाजला. मग त्यांनी गज पुन्हा टेकवला आणि पुढे निघाले. तिसऱ्या फेरीलाही तसंच. मान्य केलं नाही त्यांनी. फक्त वाट दिली.

मग सासऱ्यांनी पाय दणकावला, पुढची जलद धून सुटली आणि कुरण नाचायला उठलं. फादर ओबिओरा हिल्डाबाईंबरोबर नाचले. त्यांचा ठेका आमच्यापेक्षा निराळाच होता, पण हिल्डाबाईंना तो आवडलेला दिसला.

नंतर तंबूत सासरे स्ट्रॉबेरी-केक खात बसले होते. मी समोरून जाऊ बघत होते तर हाक आलीच.

"सेडी. चढी वाजवलीस."

"हो बाबा."

"मंगळवारी मला काय म्हणाली होतीस?"

"हो म्हणाले होते."

"आणि गुरुवारी तिला?"

"तेही हो."

त्यांनी चमचा चाटला. "फादरच्या सहवासात बरीच प्रगती केलीस. जा, मला अजून एक तुकडा आण."

निघताना हेक्टरनं गाडीत सामान भरलं आणि म्हणाला, "बाबा, आजोबांची फिडल दिसत नाही. स्टेजवर विसरलात का?"

"मी काय विसरलो ते मला माहीत आहे. गाडी चालव."

ती फिडल त्या दिवशी आत्यांच्या पेटीत बसून त्यांच्या घरी गेली. पहिलं बर्फ पडल्यावर आत्यांनी ती स्वतः आणून दिली, म्हणाल्या, माझ्या घरात शेगडीची धग जास्त आहे, लाकडाला चालत नाही. पंधरा दिवसांत आल्या आणि परत घेऊन गेल्या, म्हणाल्या, याच्या घरात ओल आहे. आता ती या घरात किती दिवस आणि त्या घरात किती दिवस याचा हिशोब कुणीच ठेवत नाही. चर्चमध्ये दोघं मधल्या रांगेत शेजारी बसतात आणि प्रवचन चालू असताना कुजबुजतात. फादरनी दोनदा खाकरून बघितलं, उपयोग झाला नाही.

पण भांडण संपलं असं कुणी समजू नये. आता ते लयीवरून सुरू आहे. आत्यांना सासरे फार संथ वाटतात आणि सासऱ्यांना वाटतं, आत्यांना कुठली तरी गाडी पकडायची असते. परवा रविवारी मी आत्यांकडे गेले तर स्वयंपाकघरात फादर ओबिओरा खुर्चीवर ताठ बसले होते, हनुवटीखाली मार्सेलाची जुनी फिडल. त्यांना शिकायचं होतं म्हणे. उजव्या बाजूला आत्या त्यांचं कोपर वर ढकलत होत्या, डाव्या बाजूनं सासरे तेच कोपर खाली दाबत होते.

"पण मी ऐकू कुणाचं?" फादर कळवळून म्हणाले.

"माझं!" दोघं एकदम ओरडले.

फादरनी डोळे मिटले आणि गज ओढला. चुलीपाशी झोपलेलं आत्यांचं मांजर उठलं, त्यानं तिघांकडे एकदा बघितलं आणि खिडकीतून बाहेर उडी मारली.